बुजरेपणा कमी करायला रोलप्लेइंग गेम आणि लेखन कसं वापरायचं: काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

रोलप्लेइंग गेम खेळलं की लाजाळूपणा जातो असं ऐकून बरेच जण थेट कुठल्यातरी ग्रुपमध्ये जाऊन बसतात, तीन तास गप्प राहतात आणि हे आपल्यासाठी नाही म्हणून सोडून देतात. काहींचं उलट होतं, वर्षभर खेळतात, टेबलावर मस्त बोलतात, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही ते नाहीच. लिहिणाऱ्यांचंही तसंच, वह्या भरतात पण त्यातलं एक वाक्य कुणासमोर बोललं जात नाही. या तिन्ही ठिकाणी चुकतो तो क्रम. आधी कागदावर, मग कॅरेक्टरच्या तोंडून, मग स्वतःच्या तोंडून, असं जायचं असतं आणि लोक मधली एखादी पायरी गाळतात किंवा एकाच पायरीवर बसून राहतात.

ज्यांनी कधीच खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे टेबलटॉप रोलप्लेइंग गेमबद्दल बोलतोय. एक जण गेम मास्टर असतो, तो गोष्टीतलं जग आणि त्यातली बाकीची सगळी माणसं चालवतो, बाकीचे खेळाडू प्रत्येकी एक कॅरेक्टर चालवतात, आणि जिथे निकाल नक्की नसतो तिथे फासा टाकतात. अभिनय यावा लागत नाही. नियम पाठ असायची गरज नाही.

## तयारी: खेळ निवडायच्या आधी दोन गोष्टी

### १. नेमकं कुठे अडतं ते लिहून काढा

"माझा कॉन्फिडन्स कमी आहे" एवढ्यावर काही करता येत नाही, कारण त्यात करायचं काय ते दिसतच नाही. कागद घ्या आणि प्रसंग लिहा. ओळखीच्या दोघांत बोलता येतं पण तिसरा आला की गप्प होतो. कुणी अर्धवट उत्तर दिलं तर परत विचारता येत नाही. नाही म्हणायचं असतं आणि तोंडातून हो निघतं. कौतुक केलं की विषय बदलतो. असे सहा-सात प्रसंग होतील, त्यांना सोप्यापासून अवघडापर्यंत लावा आणि सोप्याकडचा एक निवडा. एकच.

तपासून बघा: तुम्ही निवडलेल्या प्रसंगात कोण समोर आहे आणि तुम्हाला काय बोलायचं होतं, हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर प्रसंग अजून मोघम आहे, परत लिहा.

### २. दहा मिनिटं लिहिण्याची सवय, ग्रुप शोधायच्या आधी

आठ-दहा दिवस रोज दहा मिनिटं टायमर लावून लिहा. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. सुचलं नाही तर "सुचत नाहीये" हेच लिहा. याचा उद्देश चांगलं लिहिणं हा नाहीच, डोक्यात वाक्य तयार झालं की लगेच ते तपासून मारून टाकणारा जो आतला परीक्षक असतो त्याच्या पुढे हात पळवायचा, एवढाच आहे. बोलताना अडतो तोही हाच परीक्षक.

पहिले तीन दिवस काहीही लिहा. चौथ्या दिवसापासून निवडलेला प्रसंग लिहा, पण "मी" न वापरता, स्वतःला नावाने हाक मारून किंवा तो-ती म्हणून. "ती तिथे उभी होती, तिला विचारायचं होतं की..." असं. स्वतःकडे असं थोडं लांबून बघितलं की ताण कमी होतो, आणि हा फक्त अंदाज नाही, ईथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली छापलेल्या प्रयोगांत भाषणासारख्या तणावाच्या प्रसंगाआधी स्वतःशी "मी" ऐवजी स्वतःच्या नावाने बोलणाऱ्यांना कमी त्रास झाल्याचं दिसलं होतं. गेममध्ये कॅरेक्टर चालवताना हेच अंतर उपयोगी पडतं, म्हणून त्याचा सराव आधी इथे.

शेवटचे दोन-तीन दिवस तोच प्रसंग संवाद म्हणून लिहा. फक्त बोलणं, वर्णन नाही. समोरचा काय म्हणाला, त्यावर ती काय म्हणाली. इथे एक चूक हमखास होते, समोरच्याला फार दुष्ट केलं जातं आणि आपल्या माणसाला टाळ्या मिळवणारी वाक्यं दिली जातात. तसं करू नका. समोरचा माणूस साधा, जरा घाईत असलेला, लक्ष नसलेला असा लिहा, खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा तसाच असतो.

जपून: मोठा घाव, अपघात, छळ असले विषय या टप्प्यावर उकरू नका. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आघातांबद्दल लिहिलं होतं, आणि पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या असं निघालं तरी लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. तेव्हा लिहिल्यावर मन जड झालं तर घाबरू नका, पण ते रोज वाढतच असेल तर तो विषय बाजूला ठेवा.

आणि हे लिखाण कुणाला दाखवू नका. दाखवायचं ठरलं की परीक्षक परत येऊन बसतो.

## कॅरेक्टर बनवणं

### ३. तुमच्यापेक्षा एकच पायरी पुढे

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश बघू.

बुजरी माणसं साधारण दोन प्रकारची कॅरेक्टर करतात. एक म्हणजे काळ्या झग्यातला, कोपऱ्यात बसणारा, कुणावर विश्वास नसलेला, कमी बोलणारा एकटा योद्धा. दिसायला भारी असतो, पण त्याच्या आडून तुम्हाला गप्प बसायची परवानगीच मिळते. सामाजिक भीतीवर काम करणारे डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलं होतं की नजर चुकवणं, कमी बोलणं, बोलायच्या आधी वाक्य घोकणं असल्या बचावाच्या सवयींमुळेच भीती टिकून राहते, कारण मोकळेपणी बोललो तर खरंच काही वाईट होतं का, हे तपासायची वेळच येत नाही. गप्प कॅरेक्टर म्हणजे हीच सवय, फक्त तलवार घेऊन.

दुसरा प्रकार बरोबर उलटा, सभा गाजवणारा, कुणालाही गुंडाळणारा, हजरजबाबी. तो चालवायला जाता आणि दहाव्या मिनिटाला अडकता, कारण हजरजबाबी उत्तर सुचायला लागतं ते तुम्हालाच, कॅरेक्टर शीटवर (म्हणजे कॅरेक्टरचे गुण आकड्यांत लिहिलेल्या कागदावर) आकडा कितीही मोठा असो. मग वाटतं की खोटं खोटं सुद्धा जमत नाही आपल्याला. हे असं वाटणं फार वाईट लागतं आणि लोक इथूनच सोडून जातात.

मधला रस्ता जुना आहे. जॉर्ज केली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये एक पद्धत मांडली. माणसाला स्वतःचं वर्णन तिसऱ्या पुरुषात लिहायला सांगायचं, मग थेरपिस्ट त्यावरून एका नव्या काल्पनिक माणसाचं वर्णन लिहिणार, त्याला वेगळं नाव देणार आणि तो माणूस म्हणून साधारण दोन आठवडे वागून बघायचं. त्यात मुद्दाम काळजी घेतलेली असायची की नवा माणूस जुन्याच्या बरोब्बर उलटा नको, एखाद्या वेगळ्याच दिशेने वेगळा हवा. आपल्याला तेच करायचंय. निवडलेल्या एका प्रसंगात कॅरेक्टर तुमच्यापेक्षा एक पायरी पुढे, बाकी सगळ्यात साधारण तुमच्यासारखं.

समजा तुमची अडचण आहे की अर्धवट उत्तर मिळालं तर परत विचारता येत नाही. मग कॅरेक्टर असं बघा:

- नाव आणि काम: रेवा, नदीपार माणसं पोचवणारी नावाडी.
- तिला काय हवंय: बेपत्ता भावाचा ठावठिकाणा.
- ती काय केल्याशिवाय राहत नाही: उत्तर अर्धवट वाटलं तर अजून एकदा विचारते.
- कशात कच्ची आहे: खोटं बोलता येत नाही, आणि विचार करून बोलते, त्यामुळे वेळ लागतो.
- पार्टीत (म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या कॅरेक्टरच्या टोळीत) कुणावर विश्वास आहे: एकाचं तरी नाव, आणि का ते एका ओळीत.

यात दुसरी ओळ सगळ्यात कामाची. भावाला शोधायचं म्हणजे अनोळखी माणसांना प्रश्न विचारावेच लागणार, गोष्टच तुम्हाला त्या जागी घेऊन जाते, हिंमत गोळा करून मुद्दाम बोलायला लागत नाही. चौथ्या ओळीमुळे तुम्ही थांबून, अडखळत बोललात तरी ते कॅरेक्टरला शोभतं.

बॅकस्टोरी अर्ध्या पानाच्या वर नेऊ नका. वीस पानी इतिहास लिहिणारे खूप भेटतात आणि मग टेबलावर त्यातलं काहीच येत नाही म्हणून खट्टू होतात. लिहायची हौस असेल तर (आणि असावी, चांगली गोष्ट आहे) कॅरेक्टरच्या आवाजात एक पत्र लिहा, भावाला, पाऊण पान. त्यातून तिचे दोन-तीन ठेवणीतले शब्द, ती कशावर चिडते, काय टाळते हे हाताला लागतं आणि बोलताना तेच उपयोगी येतं.

तपासून बघा: हे पत्र एकट्याने खोलीत मोठ्याने वाचा. तोंडात बसत नसलेली वाक्यं छोटी करा. पुस्तकी वाक्य टेबलावर कधीच बाहेर येत नाही.

## ग्रुप

### ४. कोणाबरोबर, किती जण, आणि काय आधी ठरवायचं

गेम मास्टर धरून चार-पाच जण पुरे. सहाच्या वर गेलं की तुमची पाळी इतक्या वेळाने येते की तोवर धीर सुटतो. पहिल्यांदा वन-शॉट खेळा, म्हणजे एका बैठकीत संपणारी गोष्ट. महिनोन् महिने चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये आधीपासून मुरलेले खेळाडू असतात, त्यांचे जोक्स असतात, त्यात नवीन माणूस अजूनच आक्रसतो.

कुठला खेळ यावर फार डोकं लावू नका. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांचा मूळ संच २०२३ च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली फुकट आहे, पण त्यातली लढाई लांबते आणि लढाईत बोलणं कमी होतं. एक-दोन पानी नियमांचा कुठलाही खेळ चालेल, किंवा लढाई एकच ठेवा आणि बाकी वेळ माणसांशी बोलण्याचे प्रसंग, हे गेम मास्टरला आधी सांगता येतं.

सेशन झिरो टाळू नका. म्हणजे खेळाच्या आधीची बैठक, ज्यात गोष्ट कशा प्रकारची, काय अजिबात नको, कुणाला काय हवंय हे बोलून घेतात. टेबलाच्या मधे एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायची पद्धतही चांगली आहे, कुणालाही प्रसंग नकोसा झाला की कार्डाला हात लावायचा, कारण न विचारता तो प्रसंग बदलायचा. जो माणूस एरवी नाही म्हणू शकत नाही त्याला इथे एका बोटाने नाही म्हणता येतं आणि कुणी स्पष्टीकरण मागत नाही, म्हणून मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

गेम मास्टरला एकट्यात एवढंच सांगा: "मला सगळ्यांसमोर बोलायला वेळ लागतो. मला नाव घेऊन विचारा, आणि विचारल्यावर जरा थांबा." याहून जास्त सांगायची गरज नाही. आणि हे वाचणारे कुणी स्वतः गेम मास्टर असतील तर त्यांना विनंती, "काय करताय सगळे?" असं विचारू नका, त्याचं उत्तर दरवेळी मोठ्या आवाजाचा माणूसच देतो. "रेवा, तू दारापाशी थांबतेस की आत येतेस?" असं दोन पर्यायांसकट विचारा आणि मनात पाचापर्यंत मोजा. ती पाच सेकंदं भरून काढायला दुसऱ्या कुणाला देऊ नका.

जपून: ज्या ग्रुपमध्ये चुकीवर हसतात, किंवा "माझं कॅरेक्टर असंच वागेल" म्हणून दुसऱ्याला त्रास देतात आणि कुणी थांबवत नाही, तिथून पहिल्याच दिवशी निघा. सवय होईल म्हणून थांबू नका.

## खेळताना

### ५. बोलण्याच्या चार पायऱ्या

पहिल्या सेशनला आवाज काढून अभिनय करायचा प्रयत्न करू नका. समोर पहारेकरी आहे, गेम मास्टर त्याच्या तोंडून म्हणतो, "कुठे निघालात एवढ्या रात्री?" आणि सगळे तुमच्याकडे बघतायत. आता:

पहिली पायरी, फक्त कृती सांगा. "रेवा पुढे होते आणि कंदील खाली ठेवते." संपलं. हेही बोलणंच आहे, आणि गोष्ट त्याने पुढे सरकते.

दुसरी, बोलण्याचा आशय सांगा. "रेवा त्याला विचारते की काल इथून कुणी तरुण मुलगा गेला का." शब्द तिचे नाहीत, तुम्ही तिच्याबद्दल सांगताय. लेखनात जे अंतर ठेवलं होतं तेच इथे.

तिसरी, थेट वाक्य. "काल इथून कुणी तरुण मुलगा गेला का?" आवाज तुमचा नेहमीचाच ठेवा. पहारेकरी म्हणतो, "खूप जण जातात." आणि आता ती जागा आली, जिच्यासाठी हे सगळं केलं. "खूप जण जातात ते ठीक. डाव्या हाताला पट्टी बांधलेला कुणी होता का?"

चौथी, पार्टीतल्या खेळाडूशी मतभेद. "मला नाही पटत. दार तोडायच्या आधी याला अजून एकदा विचारू." गेम मास्टरच्या माणसापेक्षा हे अवघड जातं, कारण समोरचा खेळाडू खरा माणूस असतो. म्हणून शेवटी.

एका सेशनला एक पायरी पुरते. पहिल्या पायरीवर दोन-तीन सेशन गेली तरी चालतं, पण सेशनमध्ये किमान तीनदा त्या पायरीवर बोलायचंच असं स्वतःशी ठरवून जा. तीनचा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहा आणि रेघ मारत जा. अवघड गेलं तर दुसरीवरून पहिलीवर येता येतं, त्यात काही बिघडत नाही.

फाशाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. समजा पहारेकऱ्याला पटवायला वीस बाजूंच्या फाशावर १५ लागतात आणि रेवाला ३ ची भर मिळते, तर १२ किंवा वर पडायला हवं, म्हणजे जमायची शक्यता ४५ टक्के. अर्ध्याहून जास्त वेळा चांगलं बोलूनही काम होणार नाही. ज्याला नकार म्हणजे स्वतःवरचा शेरा वाटतो त्याच्यासाठी हे फार चांगलं शिक्षण आहे, बोललात, झालं नाही, पार्टीने दुसरा रस्ता काढला आणि गोष्ट चालू राहिली. म्हणून गेम मास्टरला "सांभाळून घे, फासा नको" असं सांगू नका.

तपासून बघा: घरी जाताना "मी मूर्ख वाटलो का" हा प्रश्न डोक्यात फिरत असेल तर तो बदलून "रेवाने किती प्रश्न विचारले" असा करा. त्याचं उत्तर तुमच्या कागदावर आहे.

## खेळानंतर

### ६. कॅरेक्टरमधून बाहेर या

सेशन संपल्यावर दहा मिनिटं सगळ्यांनी स्वतःच्या नावाने बोलायचं. काय आवडलं, कुठे अडलं. कॅरेक्टरचा राग किंवा दुःख खेळाडूला चिकटून घरी येतं, खेळणारे त्याला ब्लीड म्हणतात, आणि ते या गप्पांनी बरंच उतरतं. टेबलावर कुणी तुमच्या कॅरेक्टरला फसवलं असेल तर त्या खेळाडूशी दोन शब्द बोलूनच उठा.

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी परत दहा मिनिटं लिहा. अर्धा वेळ कॅरेक्टरची डायरी, उरलेला अर्धा "मी" वापरून. "पट्टीचा प्रश्न मी विचारला, विचारताना हात गार पडले होते, पण विचारला." हे "मी" वालं वाक्य गाळू नका. वर्षभर खेळूनही बाहेर बोलता येत नाही अशी जी माणसं असतात त्यांच्याकडे नेमकं हेच राहिलेलं असतं, सगळं श्रेय कॅरेक्टरला जातं. प्रश्न रेवाचा होता, तोंड तुमचं होतं.

### ७. एक वाक्य बाहेर न्या

टेबलावर एखादी गोष्ट तीन-चार वेळा जमली की त्याच आठवड्यात ती बाहेर एकदा करायची. रेवासारखं वागायचं नाही, तिचे शब्द किंवा तोरा आणायचा नाही, तिची ती एक सवय फक्त. अर्धवट उत्तर मिळालं की अजून एकदा विचारायचं. "उद्या बघतो" असं कुणी म्हणालं तर "उद्या साधारण किती वाजता विचारू?" बस.

आधी लिहून ठेवा: कुणाला, कधी, कुठलं वाक्य, आणि काय होईल असं वाटतंय. करून झाल्यावर खाली लिहा की खरं काय झालं. या दोन ओळींमधला फरक दिसायला लागतो तेव्हा भीती हलते, नुसतं धाडस करून विसरून गेलं तर फारसं हाताला लागत नाही.

जागा निवडताना कमी किमतीची निवडा. बॉसच्या केबिनमध्ये पहिला प्रयोग नको. ज्याच्याशी उद्या परत भेट होणार नाही, किंवा ज्याला तुमच्याबद्दल आपुलकी आहे, असा माणूस बघा. नाही जमलं तर वाक्य छोटं करा, परत टेबलावर एकदा वापरा, परत बाहेर या. जमून सहज वाटायला लागलं की यादीतला पुढचा प्रसंग घ्या आणि कॅरेक्टरची तिसरी ओळ बदला, नवीन कॅरेक्टर करायची गरज नाही, गोष्टीत माणसं बदलतातच.

## अडलं तर

ग्रुपच मिळत नाही. लेखी खेळ खेळा. चॅटवर किंवा मेलवर एकेक परिच्छेद टाकत चालणारे गेम असतात, विचार करायला वेळ मिळतो. पण दोन महिन्यांनी तरी एखादं सेशन आवाजावर करा, नाहीतर लिहिण्यातला मोकळेपणा लिहिण्यातच राहतो. तेवढे लोकही नसतील तर एक मित्र पुरे, तो गेम मास्टर, तुम्ही खेळाडू, अर्धा तास, एकच प्रसंग.

खूप बोलायला लागलो आणि आता थांबता येत नाही. होतं असं, बरेच दिवस दाबलेलं असतं. दुसऱ्या कॅरेक्टरला प्रश्न विचारायचा नियम लावून घ्या, "तुला काय वाटतं, आत जावं का?"

कॅरेक्टर सोडून स्वतः म्हणून जगणंच नकोसं वाटतं, किंवा भीतीमुळे कॉलेज, नोकरी, फोन उचलणं असलं रोजचं काही बंद पडलंय. इथे गेम मास्टरवर भार टाकू नका, तो मित्र आहे, थेरपिस्ट नाही. मानसशास्त्रज्ञाकडे जा, आणि जाताना प्रसंगांची यादी आणि "काय वाटलं होतं, काय झालं" ची पानं बरोबर न्या. पहिल्या भेटीत बोलायला सुचलं नाही तर ती पानं सरळ त्यांच्या हातात द्या.